निर्वासित कायद्याचा अभिरूप खटला: हुशार मुलांना वकील करू नका

विदुला_प

निर्वासितांचा कायदा कलमांपासून शिकवायला घेतला की दोन तासांत मुलांना वाटतं, जमलं. १९५१च्या जिनिव्हा कराराचं पहिलं कलम पाठ होतं. माणूस आपल्या देशाबाहेर असला पाहिजे, छळाची भीती साधार असली पाहिजे आणि छळामागे पाचांपैकी एक कारण हवं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत. १९६७च्या प्रोटोकॉलने १ जानेवारी १९५१ ही तारखेची अट काढली, कलम ३३ने धोक्याच्या जागी परत ढकलायला बंदी घातली. झालं, परीक्षेचं उत्तर तयार.

मग पुढ्यात एक फाइल ठेवली की वर्ग गप्प होतो. कारण फाइलमध्ये भांडण कलमाचं नसतंच. हा माणूस सांगतोय ते खरं धरायचं का, आणि नक्की कळत नसेल तर काय करायचं, एवढ्यावर सगळं अडलेलं असतं.

म्हणून मी मूटऐवजी (नुसत्या युक्तिवादाच्या सरावाऐवजी) अभिरूप खटला घेते, म्हणजे अर्जदार, प्रश्नोत्तरं आणि निकालासकट लुटुपुटीची सुनावणी. मूटमध्ये तथ्यं छापून मिळतात आणि दोन्ही बाजू त्यावर कायद्याचा कीस पाडतात. निर्वासित कायद्यात तथ्यंच तर मिळत नाहीत. छळ करणारा कोणाला पावती देत नाही. कागद असलेच तर बनावट असू शकतात, आणि पळून येणाऱ्याकडे बनावट पासपोर्ट असणं स्वाभाविकही असतं. साक्षीदार बहुतेकदा एकच, तो स्वतः. सुनावणी घ्यायची ती त्यासाठीच. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये सिंग खटल्यात हेच सांगितलं: विश्वासार्हतेचा प्रश्न असेल तर माणसाला समोर बसवून ऐकलं पाहिजे, कागदावरून नाकारता येणार नाही.

आता मुद्दा. बहुतेक ठिकाणी चुरचुरीत बोलणारी मुलं वकील होतात, उरलेल्यांना न्यायाधीश करून मागे बसवतात. मी उलट करते. सगळ्यांत चांगली मुलं निर्णय देणाऱ्याच्या खुर्चीत. तीही एका नाही, तीन पीठांवर. तिघांना तीच फाइल, तोच अर्जदार, वेगवेगळ्या खोल्या, आणि लेखी निकाल येईपर्यंत आपसात बोलायचं नाही. निकाल वेगळे येतात आणि खरा तास तिथे सुरू होतो. अमेरिकेतल्या आश्रय-निकालांचा एक मोठा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला होता. मायामीच्या एकाच इमिग्रेशन न्यायालयात कोलंबियाच्या अर्जदारांना एका न्यायाधीशाकडे आश्रय मिळण्याची शक्यता ५ टक्के, तर दुसऱ्याकडे ८८ टक्के होती. हा आकडा मी आधी सांगत नाही. तीन निकाल फळ्यावर लागले की मग सांगते.

यंदाही फाइल गेल्या खेपेचीच: काल्पनिक देशातला बसचालक. सशस्त्र गट त्याला सांगतो, गाडीतून आमचा माल ने. तो नकार देतो. घरावर गोळीबार होतो, तो पळतो. पोलिसांत तक्रार केलेली नाही. पहिल्या जबानीत तो म्हणतो दोन माणसं आली होती, दुसऱ्या जबानीत तीन.

मला मतं हवी आहेत: अर्जदाराची भूमिका कोणी करावी? सरकारी वकील ठेवावा की नाही? आणि गुण नेमके कशाला द्यायचे?

टवाळ_मेळा

चुरचुरीत बोलणाऱ्यांना गप्प बसून ऐकायला लावणं हीच शिक्षा पुरेशी आहे, गुण कशाला वेगळे? :)

वाचतोय. विषय नवीन आहे माझ्यासाठी.

जुना_वकील

सरकारी वकिलाबद्दल. आमची सगळी घडण फौजदारी कोर्टातली. सरतपासणी, उलटतपासणी, "हे खरे आहे की नाही, एवढंच सांगा." निर्वासिताच्या सुनावणीत हे हत्यार जसंच्या तसं आणलं तर साक्षीदार कोसळतो आणि मुलांना वाटतं आपण जिंकलो. कोसळलेला माणूस खोटा असतो असं कुठे आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने १९७९मध्ये निर्णय देणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यात स्पष्ट आहे की सिद्धतेची जबाबदारी अर्जदारावर असली तरी तथ्य शोधण्याचं काम अर्जदार आणि तपासणारा अधिकारी या दोघांचं मिळून आहे. म्हणजे समोर बसलेला अधिकारी पंच नव्हे, त्यानेही खोदायचं आहे. कॅनडात निर्वासितांचे अर्ज ठरवणाऱ्या मंडळात सुनावणी बहुतेकदा अशीच चालते: निर्णय देणारा सदस्यच आधी प्रश्न विचारतो, अर्जदाराचा वकील नंतर, आणि सरकारतर्फे कोणी हजर नसतंच बऱ्याचदा. अमेरिकेत मात्र पूर्ण दोन पक्षांचा सामना. सरकारचा वकील उलटतपासणी घेतो, आणि अर्जदाराला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. स्वतःचा आणता आला तर आणा.

तेव्हा ताई, तीन पीठं आहेतच तर तीन पद्धती ठेवा. एका खोलीत फक्त अधिकारी आणि अर्जदार. दुसरीत दोन्हीकडे वकील. तिसरीत सरकारचा वकील आहे, अर्जदाराचा नाही. तिसरी खोली बघायला मीही येईन.

विदुला_प

@जुना_वकील, तिसरी खोली उचलली. फक्त एक अडचण: मग निकालातला फरक न्यायाधीशामुळे पडला की पद्धतीमुळे, हे वेगळं काढता येणार नाही. बहुतेक दोन फेऱ्या कराव्या लागतील. पहिलीत पद्धत एकच, दुसरीत तीन.

शंकासुर

मी पूर्ण असहमत आहे, आणि जरा सविस्तर लिहितो.

या सगळ्यात कायदा कुठे गेला? बसचालकाची फाइल घ्या. समजा तीनही पीठांनी त्याच्यावर शंभर टक्के विश्वास ठेवला. दोन माणसं की तीन, सोडून द्या. तरीही तो निर्वासित ठरेल का? मुळीच ठरलेलं नाही. त्याचा छळ झाला हे मान्य, पण *कशामुळे* झाला? त्या गटाला गाडी हवी होती. राजकीय मताचा संबंध काय?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९९२मध्ये जवळपास हाच प्रश्न आला होता. एलियास-झकारियास खटला. ग्वाटेमालातला तरुण, गनिमी सैनिक घरी येऊन म्हणतात आमच्यात सामील हो, तो नाही म्हणतो आणि देश सोडतो. न्यायालयाने सांगितलं, सक्तीची भरती म्हणजे आपोआप राजकीय मतामुळे छळ होत नाही. छळ करणाऱ्याचा हेतू दाखवावा लागेल, आणि तो बळी पडणाऱ्याच्या मताशी जोडलेला हवा. पुढच्याच वर्षी कॅनडाने वॉर्ड खटल्यात वेगळी दिशा घेतली. आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेचा सदस्य, ओलिसांवर पहारा द्यायला सांगितलं, त्याने त्यांना सोडून दिलं, संघटनेने त्याला छळून मृत्युदंड फर्मावला. न्यायालय म्हणालं की छळ सरकारनेच केला पाहिजे असं नाही, सरकार संरक्षण देऊ शकत नसेल तेवढंही चालतं. राजकीय मत बोलून दाखवलेलं नसलं तरी कृतीतून दिसू शकतं. आणि छळणाऱ्याने ते त्याच्या माथी मारलं असेल तरी पुरे.

बसचालकाने नकार देणं हे मत आहे की निव्वळ भीती? हा प्रश्न वर्गातल्या सर्वांत तल्लख मुलीला उभं राहून तासभर लढवू द्या. तुम्ही तिला खुर्चीत बसवून "मला तो खरा वाटला" असं लिहायला लावणार. वाटण्याला कायदा म्हणत नाहीत.

शिवाय पोलिसांत तक्रार नाही. वॉर्डनेच असंही म्हटलंय की सरकार आपल्या नागरिकाचं रक्षण करू शकतं असं गृहीत धरायचं, ते खोडायला स्पष्ट आणि पटण्यासारखा पुरावा लागतो. यावर तुमच्या फाइलमध्ये काय आहे?

विदुला_प

मुद्दा रास्त आहे. पण तुम्ही जे विचारताय ते लढवायला आधी तथ्य हवं ना? गटाचा माणूस दारात उभा राहून नेमकं काय म्हणाला? "गाडी दे" म्हणाला की "तू सरकारचा माणूस आहेस" म्हणाला? हे वाक्य फाइलमध्ये *नाही*. मुद्दाम ठेवलेलं नाही. ते फक्त अर्जदाराच्या भूमिकेच्या कागदावर आहे, आणि त्याला विचारलं तरच तो सांगणार. गेल्या खेपेला दोन पीठांनी विचारलंच नाही. माणसं दोन होती की तीन यावर त्यांचा निम्मा वेळ गेला, आणि निकालात लिहिलं, "छळाचा राजकीय मताशी संबंध सिद्ध होत नाही." तिसऱ्या पीठावरच्या मुलीने विचारलं, वाक्य बाहेर आलं, निकाल फिरला.

एलियास-झकारियास आणि वॉर्ड दोन्ही वाचूनच मुलं येतात. वाचलेल्या खटल्यातून कुठला प्रश्न विचारायचा हे ज्याला सुचतं, त्याला कायदा कळला असं मी धरते. संरक्षणाबद्दल फाइलमध्ये देशाच्या परिस्थितीचा अहवाल आहे. त्यातला एक परिच्छेद अर्जदाराच्या बाजूने, एक विरुद्ध.

शंकासुर

फाइलमध्ये वाक्य लपवण्याची कल्पना आवडली, हे नाइलाजाने कबूल. बाकी मतभेद कायम. :)

नवशिका

मी अशा एका खटल्यात न्यायाधीश होतो (दुसरं विद्यापीठ, दुसरे शिक्षक), म्हणून मुलांच्या बाजूने लिहितो.

ऐकताना सगळं सोपं वाटलं होतं. निकाल लिहायला बसलो तेव्हा अडलं. आमच्या सरांचा नियम होता, "विश्वासार्ह वाटत नाही" हे शब्द एकटे वापरायचे नाहीत. कुठलं विधान, कशाशी जुळत नाही, त्याबद्दल अर्जदाराला विचारलं का, त्याने काय सांगितलं, आणि ते का पटलं नाही, हे सगळं लिहायचं. तीन वाक्यांतला नकार दोन पानांचा झाला आणि दुसऱ्या पानावर माझं मलाच पटेना.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. सुनावणीनंतर प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: हा माणूस परत गेला तर त्याचा छळ होण्याची शक्यता किती? मी लिहिलं ३०. माझ्या मनात होतं, पन्नासच्या खाली म्हणजे नकार. मग सरांनी १९८७चा कार्डोझा-फोन्सेका काढला. त्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की भीती साधार असायला छळ होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त असलीच पाहिजे असं नाही. उदाहरण दिलंय ते असं की एखाद्या देशात दर दहापैकी एका पुरुषाला मारत असतील किंवा दूरच्या छावणीत मजुरीला पाठवत असतील, तर तिथून पळालेल्याची भीती साधारच म्हणायची. ऑस्ट्रेलियाने १९८९च्या चान खटल्यात "खरीखुरी शक्यता" हा निकष धरला, तोही पन्नासच्या खाली चालतो. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा वर्गातले बहुतेक जण वीस ते चाळीसमध्ये होते आणि तरी बहुतेकांनी नकार दिला होता. ती चर्चा तास संपून गेल्यावरही जिन्यात चालू होती.

अनुवादिनी

मी सुनावण्यांमध्ये दुभाषाचं काम करते. वरच्या चर्चेत अजून कोणी दुभाषाचं नाव काढलं नाही याची गंमत वाटली. प्रत्यक्षात अर्जदाराचं जवळजवळ प्रत्येक वाक्य आमच्या तोंडून अधिकाऱ्याकडे जातं.

वर्गात दोन भाषा येणारे विद्यार्थी असतीलच. अर्जदाराला एका भाषेत बोलू द्या, पीठाला ती भाषा येत असली तरी येत नाही असं धरा, आणि मध्ये दुभाषा बसवा. त्याला दोनच सूचना: अर्जदार "मी" म्हणाला तर आपणही "मी"च म्हणायचं, "तो म्हणतोय की" नाही. आणि लांबलचक उत्तराचा सारांश द्यायचा नाही. दहा मिनिटांत दुसरी सूचना मोडते. अर्जदार दीड मिनिट बोलतो, दुभाषा एक वाक्य देतो, आणि पीठ पुढचा प्रश्न विचारतं, "तुम्ही हे आधी का सांगितलं नाही?" सांगितलेलं असतं. सुनावणीचं ध्वनिमुद्रण ठेवा आणि निकाल लागल्यावर ऐकवा.

दोन माणसं की तीन याबद्दल. २००२मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. ब्रिटनमध्ये कोसोव्हो आणि बोस्नियाच्या निर्वासितांना एकाच घटनेबद्दल दोनदा विचारलं, मध्ये काही काळ जाऊ देऊन. या लोकांना राहायची परवानगी आधीच मिळालेली होती, म्हणजे खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं. तरी दोन वेळच्या सांगण्यात फरक पडले. घटनेच्या गाभ्यापेक्षा आजूबाजूच्या तपशिलात जास्त. मानसिक आघाताची लक्षणं तीव्र असलेल्यांत दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले. अधिकारी मात्र नेमके आजूबाजूचे तपशीलच विचारतात, कारण ते ताडून बघायला सोपे असतात.

मधुरा_के

अर्जदार कोण, यावर कोणीच बोललं नाही. मला हा सगळ्यांत नाजूक भाग वाटतो.

वर्गातला मुलगा अर्जदार झाला की तो रडून दाखवतो. चांगला रडला तर आश्रय, नाही तर नकार. यातून मुलं शिकतात की खरा निर्वासित रडतो. प्रत्यक्षात कित्येक जण अगदी कोरड्या आवाजात सांगतात, आणि तेच त्यांच्या विरुद्ध जातं. म्हणून अर्जदाराला भूमिकेच्या कागदावर *काय आठवतं, काय आठवत नाही आणि कशाबद्दल बोलायचं नाही* हे लिहून द्या, आणि अभिनयाला सक्त मनाई. नाट्यशास्त्राच्या विभागातून कोणी मिळालं तर उत्तम, त्यांना थांबायचं कुठे ते कळतं.

खऱ्या निर्वासिताला बोलावून त्याची उलटतपासणी मुलांकडून करून घेणं, हे मी ऐकलंय आणि मला ते अजिबात मान्य नाही. ज्याने एकदा हे सोसलं त्याला गुणांसाठी परत सोसायला लावायचं? त्याला यायचंच असेल तर निकालांनंतर, पाहुणा म्हणून, आणि तो ठरवेल त्याच विषयावर. वर्गात निर्वासित कुटुंबातली मुलं असू शकतात हेही शिक्षकांच्या ध्यानात हवं. भूमिका वाटण्याआधी प्रत्येकाला खासगीत नकार देता आला पाहिजे, कारण न विचारता.

आणि प्रश्नांना कुंपण घाला. समलिंगी असल्यामुळे छळ झाला असं सांगणाऱ्या अर्जदारांबद्दल युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये सांगितलं की लैंगिक व्यवहाराचे तपशील विचारायचे नाहीत, त्याचे पुरावे म्हणून चित्रफिती किंवा चाचण्या घ्यायच्या नाहीत. त्याआधी २०१०मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने इराण आणि कॅमेरूनच्या अर्जदारांना "परत जा आणि लपून राहा" हे उत्तर देता येणार नाही असा निकाल दिला. ही फाइल वर्गात घ्यायची असेल तर हे दोन निकाल आधी, सुनावणी नंतर.

जुना_वकील

मधुराताईंशी शंभर टक्के सहमत. उलटतपासणीत वकिलाने कुंपण ओलांडलं तर पीठाने तिथेच थांबवलं पाहिजे, आणि त्याचे गुण पीठाला.

कासवगती

मूलभूत शंका. ज्या देशांनी करारच स्वीकारला नाही तिथल्या मुलांनी हे का करायचं? भारतही त्यात आहेच.

शंकासुर

तिथे तर जास्तच मजा आहे. कराराचं पहिलं कलम नाही म्हणजे "निर्वासित आहे का" ही सुनावणी देशाच्या कायद्यात नाही, पण बाहेर काढण्याविरुद्धची याचिका असते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे असं सांगून राज्याला त्यांचं रक्षण करायला लावलं. २०२१च्या एप्रिलमध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर त्याच न्यायालयाने म्हटलं की समानतेचा आणि जगण्याचा हक्क सर्वांना असला तरी बाहेर न काढलं जाण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे, आणि तो फक्त नागरिकांचा. पुढच्याच महिन्यात मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारहून आलेल्या पत्रकारांच्या प्रकरणात परत न ढकलण्याचं तत्त्व जगण्याच्या हक्कातच वाचलं. हे तीन निकाल समोरासमोर ठेवा. ही मात्र मूटच हवी, विदुलाताई काहीही म्हणोत.

जाता जाता दुसऱ्या फाइलसाठी सुचवतो. बसचालकाने नकार न देता तीन महिने माल नेला असेल तर? मग कलम १चा फ भाग: युद्धगुन्हे वगैरे केल्याचं मानायला गंभीर कारण असेल तर माणूस संरक्षणातून वगळला जातो. कॅनडाने २०१३मध्ये एझोकोला खटल्यात नुसती संगत पुरे नाही असं ठरवलं. योगदान स्वेच्छेचं, जाणीवपूर्वक आणि लक्षणीय हवं. बंदुकीच्या धाकाने गाडी चालवणं स्वेच्छेचं का? माल काय होता हे त्याला ठाऊक होतं का? इथे तुमचे लपवलेले प्रश्नही चालतील.

विदुला_प

ही फाइल घेतेच. पहिल्या फेरीत ज्यांनी बसचालकाला आश्रय दिला त्यांनाच दुसऱ्या फेरीत हा चालक देणार.

गुणांचं आता असं ठरवतेय: निम्मे लेखी निकालाला (नवशिका यांच्या सरांचा नियम जसाच्या तसा), बाकीचे विचारलेल्या प्रश्नांना. निकाल कुठल्या बाजूने लागला याला शून्य.

अनुवादिनी

फाइलमध्ये टाकायला अजून एक. तारखा. अर्जदार सौर हिजरी दिनदर्शिकेने तारखा सांगणारा दाखवा, उदाहरणार्थ अफगाणिस्तानातला. त्या दिनदर्शिकेचं वर्ष मार्चच्या विषुवदिनाला सुरू होतं. तो सांगतो, "१३९९च्या हिवाळ्यात, दल्व महिन्यात." मुलं ६२१ मिळवतात आणि लिहितात २०२०. पण दल्व येतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ते २०२१. दुसऱ्या कागदावर २०२१ लिहिलेलं असलं की लगेच "विसंगती". प्रत्यक्ष कामात हे मी पुष्कळदा पाहिलंय.

विदुला_प

झकास. पण मग काल्पनिक देश सोडून खरा देश घ्यावा लागेल, आणि मुलं आदल्या रात्री ताज्या बातम्या शोधून आणतील.

अनुवादिनी

देशाच्या अहवालाला एक तारीख लावा आणि सांगा की त्यानंतरचं काही चालणार नाही. दिनदर्शिकेबद्दल मात्र कोणालाच आधी सांगू नका, सरकारी वकिलालाही नाही. दुभाषाला तेवढं माहीत असू दे. त्याला कोणी विचारतं का ते बघा.